शोधकाच्या नावाची सुट्टी आणि बुलढाण्याचं पंचांग

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात पौष वद्य सप्तमीला स्वामी विवेकानंदांचा जन्मोत्सव होतो. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाचा हा सोहळा आसपासच्या जिल्ह्यांना माहीत आहे तो महाप्रसादामुळं. शेतात लांबच लांब पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते, आणि लाखांनी माणसं जेवून उठतात. त्या पंगतीतल्या बहुतेकांना शिकागोच्या भाषणाची गोष्ट शाळेपासून ठाऊक असते. ते भाषण ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानं झालं ते कोणाच्या नावानं भरलं होतं, हे मात्र शाळेत सहसा सांगितलं जात नाही. ते कोलंबसच्या नावानं भरलं होतं.

ख्रिस्तोफर कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा बेटांपैकी एकावर उतरला. त्याला ४०० वर्षं झाली म्हणून अमेरिकेनं शिकागोत जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तयारीला वेळ लागला आणि ते वर्षभर उशिरा, १ मे १८९३ ला उघडलं. ऑक्टोबरअखेरपर्यंत चाललेलं हे ‘वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन’ पाहायला अडीच कोटींहून जास्त प्रवेश नोंदले गेले. त्याच्या जोडीला अनेक परिषदा झाल्या. त्यांतली एक सर्वधर्म परिषद, ११ सप्टेंबरला सुरू झालेली. विवेकानंद तिथं बोलले, मुंबईच्या ब्राह्म समाजाचे बी. बी. नगरकरही बोलले. हिंदुस्थान शोधायला निघून भलतीकडे पोचलेल्या दर्यावर्दीच्या उत्सवात चारशे वर्षांनी खरा हिंदुस्थान येऊन उभा राहिला, याचं मला आजही नवल वाटतं.

एखाद्या शोधकाच्या नावानं सार्वजनिक सुट्टी का दिली जाते, ती कोण मागतं, आणि पुढं ती का खटकू लागते, या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात अमेरिकेतूनच करावी लागते, कारण तिथल्या सुट्टीवरचा वाद जुना आहे. पण हा प्रश्न बुलढाण्यात बसून विचारण्यालाही कारण आहे. ज्याचा ‘शोध’ एका इंग्रज अधिकाऱ्यानं लावला असं पुस्तकं सांगतात ते लोणारचं विवर याच जिल्ह्यात आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक नवा सार्वजनिक दिवस कसा घडतो हेही या जिल्ह्यानं सिंदखेडराजाला डोळ्यांनी पाहिलं आहे. या सगळ्या इतिहासातून माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली. असा दिवस गेलेल्या माणसासाठी कमी आणि त्याच्या नावाचा आधार लागणाऱ्या जिवंत माणसांसाठी जास्त असतो. म्हणून कोणत्याही जयंतीचा इतिहास शोधताना ज्याचा दिवस आहे त्याच्याइतकंच लक्ष तो मागणाऱ्यांकडे द्यावं लागतं.

कोलंबसचा पहिला मोठा समारंभ न्यूयॉर्कमध्ये १७९२ साली झाला. टॅमनी सोसायटी नावाच्या संस्थेनं तो केला. अमेरिका तेव्हा इंग्लंडपासून नुकतीच सुटली होती. नव्या देशाला असा पूर्वज हवा होता जो इंग्रज नाही. कोलंबस कधी अमेरिकेच्या आजच्या मुख्य भूमीवर उतरलाच नव्हता, पण त्यानं काही बिघडलं नाही. न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजचं नाव १७८४ मध्ये कोलंबिया झालं होतं, राजधानीच्या प्रदेशालाही कोलंबिया म्हणू लागले होते. टॅमनी हे नाव मात्र आलं होतं लेनापी जमातीच्या तमानंद या सरदारावरून. म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांच्याच एका पुढाऱ्याचं नाव लावणाऱ्या मंडळींनी कोलंबसाचा पहिला उत्सव केला. हा विरोधाभास त्या काळी कुणाला टोचल्याचं दिसत नाही.

पुढची शंभर वर्षं हा दिवस अधूनमधूनच साजरा होत राहिला. त्याला बळ आलं ते कॅथलिक स्थलांतरितांमुळं. आयर्लंड आणि इटलीहून आलेल्या गरीब कॅथलिकांकडे प्रोटेस्टंट अमेरिका संशयानं पाहायची. १८८२ साली मायकेल मॅकगिव्हनी या आयरिश वंशाच्या पाद्र्यानं कनेक्टिकटमध्ये ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संघटना काढली. या देशाचा पाया घालणारा माणूसच कॅथलिक होता, मग आम्ही परके कसे, असा तिच्या नावातला दावा होता. इटालियनांसाठी तर तो जीवन-मरणाचा दावा ठरला. १८९० मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या पोलीसप्रमुखाचा खून झाला. संशय इटालियनांवर गेला. ज्यांच्यावर खटला चालला त्यांतल्या एकावरही गुन्हा शाबीत झाला नाही, तरी १४ मार्च १८९१ ला जमावानं तुरुंग फोडला आणि ११ जणांना ठार मारलं. इटलीनं आपला राजदूत परत बोलावला. अमेरिकेला भरपाई द्यावी लागली. १८९२ मध्ये अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कोलंबसाच्या ४०० व्या वर्षाचा राष्ट्रीय दिवस जाहीर केला, तो या पार्श्वभूमीवर. शाळाशाळांतून मुलांनी ध्वजापुढं प्रतिज्ञा म्हणायची प्रथाही त्याच दिवसासाठी सुरू झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमधला पुतळा याच वर्षी इटालियन वर्तमानपत्रानं गोळा केलेल्या वर्गणीतून उभा राहिला.

इथं थोडं थांबावंसं वाटतं. आज कोलंबसाचा पुतळा दिसला की आपल्याला गुलामगिरी आणि संहार आठवतो, आणि ते रास्तच आहे. पण ज्या मजुरांनी, फळविक्यांनी, गवंड्यांनी पैसा पैसा जमवून तो पुतळा उभारला, त्यांच्या मनात कॅरिबियन बेटांवरचे लोक नव्हते. त्यांच्या मनात न्यू ऑर्लीन्सचा तुरुंग होता. आपल्याला इथं राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हे विसरून या सुट्टीचा न्याय करता येत नाही.

सुट्टी कायद्यात आली ती कोलोरॅडो राज्यात, १९०७ साली. डेन्व्हरच्या अँजेलो नोचे या इटालियन स्थलांतरितानं तिचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. मग इतर राज्यं आली. १९२०च्या दशकात कू क्लक्स क्लाननं कोलंबस दिनाला विरोध केला, तोही तो कॅथलिकांचा म्हणून. १९३४ मध्ये अमेरिकी संसदेनं अध्यक्षांना हा दिवस दर वर्षी जाहीर करायला सांगितलं. १९४२ साली अमेरिका इटलीशी लढत असताना १२ ऑक्टोबरलाच सरकारनं घोषणा केली की देशातले सुमारे ६ लाख इटालियन नागरिक यापुढं शत्रुदेशीय समजले जाणार नाहीत. हा दिवस खरा कुणाचा होता ते त्या घोषणेइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातूनही दिसत नाही.

नॉर्वेजियनांनीही आपला शोधक पुढं केला. कोलंबसाच्या आधी पाचशे वर्षं उत्तर अमेरिकेला पोचलेला लीफ एरिक्सन. त्याचा दिवस ९ ऑक्टोबरला पाळतात. ही तारीख एरिक्सनच्या आयुष्यातली नाही. नॉर्वेहून स्थलांतरितांचं पहिलं संघटित जहाज १८२५ मध्ये न्यूयॉर्कला लागलं, त्याची ती तारीख आहे.

१९६८ च्या कायद्यानं कोलंबस दिन राष्ट्रीय सुट्टी झाला आणि १९७१ पासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी गेला. शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळावी हा हेतू होता. सुट्टी मिळाली, तारीख सुटली. दुकानांचे सेल लागू लागले. ज्यांनी हा दिवस मागितला त्यांचे नातू-पणतू आता अमेरिकेच्या मुख्य प्रवाहात मुरले होते, त्यांना त्याची पूर्वीइतकी निकड उरली नव्हती.

आणि नेमकं तेव्हा दुसऱ्यांनी तोंड उघडलं. खरं म्हणजे ते आधीच उघडलं होतं. १८९३ च्या प्रदर्शनातच पोटावाटोमी जमातीचा नेता सायमन पोकागन यानं भूर्जाच्या सालीवर छापलेली पुस्तिका काढली होती. तुम्ही साजरा करताय तो आमच्या अंत्यविधीचा दिवस आहे, असा तिचा आशय होता. ती पुस्तिका प्रदर्शनात विकली गेली, लोकांनी आठवण म्हणून घरी नेली, आणि झालं काहीच नाही. तिच्यामागं मतं नव्हती, पैसा नव्हता, न्यायालयात जायची ताकद नव्हती. १९७७ मध्ये जिनिव्हात अमेरिका खंडांतल्या मूलनिवासींच्या परिषदेत १२ ऑक्टोबर बदलायची मागणी आली. १९९० मध्ये साउथ डकोटानं तो दिवस मूलनिवासी अमेरिकनांच्या नावानं केला. १९९२ मध्ये, पाचशेव्या वर्षी, कॅलिफोर्नियाच्या बर्कली शहरानं ‘इंडिजिनस पीपल्स डे’ पाळला. २०२० मध्ये मिनेसोटाच्या विधान भवनासमोरचा कोलंबस दोरानं ओढून पाडला गेला. २०२१ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी मूलनिवासींच्या दिवसाचीही घोषणा केली. कायद्यात मात्र नाव अजून कोलंबसाचंच आहे. एकाच सोमवारी एका गावात त्याची मिरवणूक निघते आणि शेजारच्या गावात त्याच्या बळींचं स्मरण होतं.

या वादातला मला सर्वांत शहाणा वाटलेला निर्णय कोलोरॅडोचा आहे. ज्या राज्यानं ही सुट्टी आधी कायद्यात आणली त्यानंच २०२० मध्ये ती काढली आणि तिच्या जागी फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी या इटालियन जोगिणीचा दिवस आणला. कॅब्रिनी स्थलांतरित गरिबांसाठी शाळा, अनाथालयं आणि रुग्णालयं काढत आयुष्यभर हिंडल्या. इटालियनांचा मान राहिला आणि मूलनिवासींची जखमही कुणी खरवडली नाही.

बाकी जगाचा हिशेब थोडक्यात पुरे. स्पेनचा राष्ट्रीय दिन आजही १२ ऑक्टोबर आहे. व्हेनेझुएलानं २००२ मध्ये तोच दिवस मूलनिवासींच्या प्रतिकाराचा केला, अर्जेंटिनानं २०१० मध्ये सांस्कृतिक विविधतेच्या सन्मानाचा. त्रिनिदादनं ‘डिस्कव्हरी डे’ काढून १९८५ पासून गुलामगिरीच्या अंताचा दिवस पाळायला सुरुवात केली. त्या बेटावर आपल्याकडून गेलेल्या गिरमिटियांची लेकरं मोठ्या संख्येनं आहेत, त्यांचा ‘आगमन दिन’ ३० मे हा वेगळा. तिथंही तेच. लोक बदलले, बोलणारे बदलले, पंचांग बदललं.

आपल्याकडे कोलंबसाची जागा वास्को द गामाची. तो मे १४९८ मध्ये कालिकतजवळ कप्पडला उतरला. त्याला तिथवर आणलं ते आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून बरोबर घेतलेल्या वाटाड्या खलाशानं. अरबी समुद्र ओलांडायची वाट शेकडो वर्षं वापरात होती. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत त्यानं हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं, ही नोंद पोर्तुगीजांच्याच लिखाणात आहे. त्याच्या पणतूनं, फ्रान्सिस्को द गामानं, व्हाइसरॉय झाल्यावर जुन्या गोव्यात मांडवीकाठी कमान उभारली आणि तीवर पणजोबाचा पुतळा बसवला. ती अजून उभी आहे. १८७१ मध्ये पणजीत साहित्य-विज्ञानाची संस्था निघाली, तिचं नाव इन्स्टिट्यूट वास्को द गामा. १८९८ ला पोर्तुगालनं चारशेवं वर्ष थाटानं साजरं केलं. १९६१ ला गोवा सुटल्यावर त्या संस्थेला लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं नाव दिलं गेलं. सालाझारच्या वसाहती कायद्याला १९३० मध्ये जाहीर विरोध करणारे हे गोमंतकीय पत्रकार. नामांतरं पुष्कळ पाहिली, पण इतकं नेमकं नामांतर क्वचित होतं.

१९९८ ला पाचशेवं वर्ष आलं तेव्हा लिस्बनमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं, तेजो नदीवर वास्को द गामा पूल झाला. गोव्यात आणि केरळात मात्र लोक निषेधाला उतरले. गोव्याचं पंचांग तोवर दुसऱ्याच तारखांनी भरलं होतं: राममनोहर लोहियांनी १९४६ ला मडगावात सभा घेतली तो १८ जून आणि मुक्तीचा १९ डिसेंबर. वास्को शहराचं नाव तेवढं राहिलं. रेल्वेच्या तिकिटावर ते रोज छापलं जातं, पण त्या नावाला कुणी हार घालत नाही. माझ्या मते एवढं पुरे आहे. गावाच्या नावात इतिहास राहू द्यावा, पण उत्सव कुणाचा करायचा ते निवडून ठरवावं.

आता बुलढाणा.

या जिल्ह्यातला सर्वांत मोठा दिवस शेगावचा. माघ वद्य सप्तमी, गजानन महाराजांचा प्रकट दिन. २३ फेब्रुवारी १८७८ ला देविदास पातुरकरांच्या घरी ऋतुशांतीचं जेवण झालं होतं, रस्त्यावर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचणारा एक तरुण बंकटलाल अग्रवालांच्या नजरेला पडला. भक्तांना हा प्रसंग तोंडपाठ असतो. शोधकाच्या सुट्टीच्या संदर्भात मला त्यातलं एक वेगळंच महत्त्वाचं वाटतं. पाहिलं बंकटलालांनी. त्यांचा मान शेगावात मोठा आहे, त्यांच्या घरी महाराज राहिले ते लोक सांगतात. पण दिवस आहे तो ज्यांना पाहिलं त्यांचा. कोलंबस दिनात नेमकं याच्या उलट घडलं. किनाऱ्यावर उभे असलेले मूळ रहिवासी ताइनो लोक दिवसाच्या नावातून गळाले आणि नाव उरलं ते नावेतून पाहणाऱ्याचं.

लोणारचं तसंच होऊ शकलं असतं. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं विवर पाहिलं आणि त्याची नोंद केली. तेव्हापासून लोणारच्या प्रत्येक माहितीपत्रकात त्याचं नाव येतं. पण त्याच्या कितीतरी आधी विवराच्या काठावर आणि आत देवळं उभी होती. गावातलं दैत्यसूदन मंदिर यादवकाळाच्या आगेमागेचं. लवणासुराची कथा पुराणातली. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त मेहकरच्या मुलखातल्या या जागेची नोंद आहे, तिथं काच आणि साबणासाठी लागणारा खार मिळतो आणि सरकारला उत्पन्न होतं अशी. सरोवराचं पाणी आटलं की तळाशी उरणाऱ्या खारांना इथल्या लोकांनी वेगवेगळी नावं ठेवली होती, डल्ला, पापडी, भुस्की. ज्या पाण्याचा खार कोणत्या महिन्यात कसा धरतो हे ठाऊक असणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं राबत होती, ते पाणी कुणी शोधलं हा प्रश्नच गैर आहे.

अलेक्झांडरचा अपमान करायचा नाही. त्याची नोंद उपयोगी पडली, कारण तिच्यामुळं विवर भूवैज्ञानिकांच्या नजरेत आलं. मात्र हे विवर झालं कशानं, ते त्याला माहीत नव्हतं, पुढं दीडशे वर्षं कुणालाच नक्की माहीत नव्हतं. ज्वालामुखीचं मुख असावं असाच बहुतेकांचा समज होता. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि आघातानं काचेसारखी झालेली खनिजं दाखवून उल्कापाताचा निष्कर्ष मांडला. १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्ट खडकात पडलेलं हे विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला शास्त्रज्ञ इथं येतात ते म्हणूनच. त्याच्या वयाबद्दल मतभेद आहेत: एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतात, आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. ‘लोणारचा शोध’ असं काही असेल तर तो १८२३ मध्ये सुरू झाला नि संपला असं नाही. तो खार गोळा करणाऱ्यांपासून चालत आला आहे आणि अजून चालू आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं तसं झाल्याचं दाखवलं. तोही त्याच शोधाचा एक टप्पा.

जिल्ह्याच्या शेजारी, अजिंठ्याच्या डोंगरात, असाच प्रसंग चार वर्षं आधी घडला होता. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीला आला आणि लेण्यांपाशी पोचला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली, अगदी जुन्या चित्रावर. खाली वाघुर नदीच्या खोऱ्यातल्या गुराख्यांना ती लेणी माहीत होती. २०१९ ला दोनशे वर्षं झाली तेव्हा स्मिथवर लेख आले, त्याची गोष्ट पुन्हा सांगितली गेली, पण स्मिथ दिन कुणी मागितला नाही. तसं कोण मागणार? त्याच्या नावाचा आधार लागणारं माणूस इथं कुणी नव्हतं. लोणारलाही नव्हतं. सिंदखेडराजाला मात्र ज्याची लोकांना गरज होती असं नाव होतं.

लखुजी जाधवरावांच्या सिंदखेडला १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, असं मानलं जातं. राजवाडा, मोती तलाव, चांदणी तलाव, लखुजींची भव्य समाधी या सगळ्या वास्तू पूर्वीपासून तिथं आहेत. १६२९ ला देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजी मुलांसह मारले गेले, त्यांची ती समाधी. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत १२ जानेवारी हा काही महाराष्ट्राचा दिवस नव्हता. त्याला तसा केला मराठा सेवा संघानं. सार्वजनिक बांधकाम खात्यातले अभियंता पुरुषोत्तम खेडेकर यांनी १९९० साली ही संघटना स्थापन केली. बहुजन समाजातल्या नोकरदार, शिकलेल्या पिढीला आपला इतिहास आपल्या तोंडानं सांगायचा होता, आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी त्यांनी एक बाई ठेवली. पहाटे राजवाड्यात जन्मस्थळी पूजा, मग जिजाऊ सृष्टीवर सभा, पुस्तकांची दुकानं, राज्यभरातून आलेल्या गाड्या. २००५ साली याच दिवशी इथं ‘शिवधर्म’ या नव्या धर्माची घोषणा झाली. सेवा संघाच्या सगळ्याच भूमिका सगळ्यांना पटतात असं नाही. पण गेल्या पिढीत ज्या दिवसानं जिल्ह्याला ‘मातृतीर्थ’ हे नाव मिळवून दिलं, तो दिवस याच माणसांनी मागून, झटून उभा केला. नोचेच्या डेन्व्हरमध्ये घडलं ते आणि हे, दोन्हीचं बीज एकच, आपल्यालाही इथं मान हवा ही भूक. फरक असा की जिजाऊंनी कुणाची भूमी हिरावली नव्हती. म्हणून या दिवसाखाली दुसऱ्या कुणाचं दुःख गाडलेलं नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक दिवस असे घडवण्याची परंपरा जुनीच. शिकागोचं प्रदर्शन भरलं त्याच १८९३ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला, १८९६ ला रायगडावर शिवजयंती उत्सव झाला. एकाच दशकात दोन टोकांना, न्यूयॉर्कचे इटालियन आणि पुण्याचे लोक, आपापल्या गरजेतून सार्वजनिक दिवस उभे करत होते.

१२ जानेवारी ही शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत नाही. आपल्या सार्वजनिक सुट्ट्या १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम २५ खाली राज्य शासन जाहीर करतं. त्या यादीत १९ फेब्रुवारीची शिवजयंती आहे. १२ जानेवारीला सरकारी कार्यालयांत जिजाऊ आणि विवेकानंद या दोघांच्या प्रतिमांना हार घातला जातो, आणि केंद्र सरकार १९८५ पासून याच तारखेला राष्ट्रीय युवा दिन पाळतं. हिवरा आश्रमाचा सोहळा तिथीनं, सरकारचा तारखेनं. जिजाऊंच्या जन्माचाही उत्सव काहीजण पौष पौर्णिमेला करतात. शिवजयंतीच्या तारीख-तिथीचा वाद तर सगळ्या राज्याला माहीत आहे. बाहेरच्याला हा वाद हट्टाचा वाटेल. मला मात्र त्यात जिव्हाळा दिसतो. अमेरिकेनं कोलंबस दिन सोयीच्या सोमवारी ढकलला तेव्हा फारसा कुणी हट्ट धरला नाही, कारण तोवर दिवसाची गरज आटली होती. ज्या दिवसाच्या तारखेवरून लोक भांडतात, त्या दिवसात अजून जीव असतो.

जिजाऊ जयंतीची सार्वजनिक सुट्टी व्हावी अशी मागणी होत राहते. माझं मत उलट आहे, आणि ते जिजाऊंवरच्या प्रेमापोटीच. सुट्टी झाली की शाळा बंद, मुलं घरी. आज त्या दिवशी मुलं शाळेत असतात, म्हणून भाषणं होतात, प्रभातफेरी निघते, चौथीच्या मुली नऊवारी नेसून येतात. २०१७ ला उत्तर प्रदेश सरकारनं १५ जयंती-पुण्यतिथींच्या सुट्ट्या रद्द केल्या तेव्हा हेच कारण दिलं होतं, त्या दिवशी शाळांत त्या व्यक्तींविषयी सांगितलं जावं.

याच विचारानं लोणारसाठी एक दिवस असावा असं मला ठामपणे वाटतं, आणि तो अलेक्झांडरचा नसावा. तारीखही तयार आहे. ३० जून १९०८ ला सायबेरियातल्या तुंगुस्काच्या जंगलावर आकाशातून आलेला गोळा फुटला आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर झाडी आडवी झाली. त्याची आठवण म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये ३० जून हा आंतरराष्ट्रीय लघुग्रह दिन ठरवला. या दिवसाला कोणताही शोधक नाही, कोणतीही जमात नाही. जगात हा दिवस पाळायचा हक्क ज्या थोड्या गावांना आहे त्यांत लोणार आहे. दुसरा पर्याय २ फेब्रुवारीचा, जागतिक पाणथळ दिनाचा, कारण २०२० पासून लोणार रामसर स्थळ आहे. तोही पाळावा. पण ३० जूनची एक सोय वेगळी आहे. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे ही तारीख नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत येते. पहिला पाऊस पडलेला असतो, विवराचा उतार हिरवा होऊ लागलेला असतो. वही कोरी असते.

त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत एक तास लोणारचा व्हावा. त्यात लवणासुर यावा, अबुल फजल यावा, खारांची स्थानिक नावं यावीत, १९७३ चा निबंध यावा, गुलाबी पाण्याचे सूक्ष्मजीव यावेत. अलेक्झांडरही यावा, त्याच्या वाट्याच्या एका वाक्यात. जवळच्या तालुक्यांतल्या मुलांना विवराच्या काठावर नेता येईल. यासाठी राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचं एक परिपत्रक आणि ते मागणारे थोडे पालक, शिक्षक पुरेसे आहेत.